मिठावरून ठरलेल्या सहली

टेकडीवरच्या त्या घरात सुट्टीला उतरलेल्या पाहुण्यांनी दिवसभर कुठे फिरायचं आणि कुठे जेवायचं, हे टेकडीखालच्या एका पातेल्यातल्या मिठावरून ठरायचं. पाहुण्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटायचं, किल्लीमावशी आभाळ बघून, लेकराबाळांची वयं बघून सल्ला देते. मावशी म्हणायची, "आज तलावावरच जाऊन या, उद्या पाऊस आला तर राहून जाईल." आभाळात ढगाचं नाव नसायचं. पण सुट्टीवर आलेला माणूस सांगाल ते ऐकतो. घरी कुणाचं न ऐकणारे बाप्येसुद्धा मावशीचं निमूट ऐकायचे आणि पिशव्या उचलून तलावाकडे निघायचे.

किल्लीमावशी हे काही तिचं नाव नव्हे. पण कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा, आणि चालताना तो वाजणार, म्हणून कुणीतरी एकदा म्हणालं ते चिकटलं. घर शहरातल्या एका बाईंचं. त्या स्वतः कधीमधी यायच्या, एरवी भाड्याने द्यायच्या, आणि फोन मात्र रोज करायच्या. उश्यांचे अभ्रे, टाक्यातलं पाणी, गीझर, अंगणातला पालापाचोळा, सगळं मावशीच्या अंगावर होतं. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या, आणि एक कुटुंब गेलं की दुसरं येईपर्यंत घर असं करून ठेवायचं की जणू इथे कधी कुणी राहिलंच नाही. याशिवाय दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. प्रत्येक पाहुणा दारात बॅग टेकवली की तेच दोन प्रश्न विचारतो. जवळपास बघण्यासारखं काय आहे? आणि जेवायला चांगलं कुठे मिळेल?

बघण्यासारखं पुष्कळ होतं. तलाव होता, त्यात वल्हवायच्या होड्या होत्या. डोंगरात धबधबा होता, जुनी पवनचक्की होती, चढून गेल्यावर चारी दिशांचं दिसेल असा दगडी मनोरा होता. मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याची बाग होती, तिथे बोटाने मध चाखायला मिळायचा. मावशी हे सगळं असं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे बूट घालावेत. "मनोऱ्यावर दुपार टळल्यावर जा, तेव्हा तलाव चांदीसारखा दिसतो." स्वतः ती मनोऱ्यावर एकदाही चढली नव्हती. परत आलेले पाहुणे हातपाय धुताना जे बोलायचे ते तिने कानांत साठवलं होतं, आणि एकाचं ऐकलेलं ती दुसऱ्याला सांगायची. गेली कित्येक वर्षं ती त्या परिसरातली सर्वांत जास्त फिरलेली बाई होती, फक्त पाय दुसऱ्यांचे होते.

आता जेवणाचं. पुलाजवळ एक हॉटेल होतं, तिथे मासे ताजे असायचे, पण वाढणारा इतका सावकाश की भूक मरून परत लागायची. फाट्यावर बेकरी होती. आणि टेकडीच्या पायथ्याशी आचाऱ्याची खानावळ होती. चार लांब टेबलं, बाकडी, कोंबडीचा रस्सा, भात, पाव, तळलेला मासा. त्या रश्श्यासाठी एके काळी लोक वाट वाकडी करून यायचे. आचारी म्हणजे मावशीचा नवरा. पाहुण्यांना ती हे आपणहून सांगायची नाही. नवऱ्याची खानावळ म्हटलं की चांगल्या जेवणाचाही संशय येतो.

तर त्या आचाऱ्याला चव लागत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला होता. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण जिभेवरची चव आणि नाकातला वास जे गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आचाऱ्याने वाट बघितली. गोड काय, तिखट काय, सगळं तोंडात भिजवलेल्या कागदासारखं. इतर बाबतीत त्याला अडचण नव्हती. कांदा किती परतला ते तो रंगावरून ओळखायचा, तेल किती तापलं ते आवाजावरून, भात शिजला की नाही ते बोटांत दाबून. पण मिठाला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. मिठाने त्याला कात्रीत पकडलं होतं.

ही गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आचारी म्हणायचा, आणि मूठ झाकून ठेवायचं काम मावशीचं होतं. रोज सकाळी तो रस्सा करायचा. चुकून जास्त पडू नये म्हणून मीठ भीत भीत, कमीच घालायचा. पाहुण्यांच्या न्याहारीची भांडी आवरली की मावशी टेकडी उतरून मागच्या दाराने यायची, पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटायची, आणि बहुतेक वेळा एक मूठ मीठ घालून निघायची. मग टेकडी चढून वर. चव जमली असेल त्या दिवशी ती पाहुण्यांना सांगायची, "जवळच जेवा, खाली खानावळ आहे, रस्सा झकास असतो." आणि जमली नसेल, म्हणजे मसाला करपला, नाहीतर त्या दिवशी नवऱ्याने घाबरून दोनदा मीठ टाकलं, की पाहुण्यांची रवानगी लांब. धबधबा. पवनचक्की. "येताना पुलाजवळ मासे खा." अशा रीतीने कितीतरी कुटुंबांनी पवनचक्की पाहिली ती निव्वळ खारट रश्श्यामुळे.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. एकदा नाही, तोंड दुखेपर्यंत. "अहो, माप ठरवा. एवढ्या पाण्याला एवढं मीठ. वाटीने घाला, संपलं. माझे पाय राहतील."

"मापाने औषध करतात," आचारी म्हणायचा. "स्वयंपाक हाताला कळावा लागतो."

"हाताला कळत असतं तर मी कशाला आले असते चाटायला?"

यावर तो कांदे चिरायला लागायचा. आचाऱ्याचं हे असं होतं. माणूस वाईट नव्हता, दारू नाही, हात उचलणं नाही, पण खोड मोडेल तर शपथ. आणि मावशीलाही त्याची ती वाकलेली मान आणि कांदे चिरणं बघवायचं नाही. ती टेकडी चढायला लागायची.

दमली होती ती. हे उगाच सजवून सांगण्यात अर्थ नाही. आजारी नव्हती, दुःखी नव्हती, पण दमली होती, आणि ते झोपून जाणारं दमणं नव्हतं. सकाळी उठतानाच पोटऱ्या भरलेल्या असायच्या. चादर झटकताना मध्येच हात थांबायचे आणि ती भिंतीकडे बघत उभी राहायची. मालकीणबाई फोनवर म्हणायच्या, "मावशी, आवाज असा का येतोय?" मावशी म्हणायची, "लाइनीत काहीतरी आहे."

अशात लेकीचा फोन आला. लेक लांब शहरात, दिवस भरत आलेले, पहिलंच. जावई पाळीवर काम करणारा, रात्री घरी असेलच असं नाही, आणि सासू कधीच वारलेली. "आई, तू ये ना महिनाभर. मला भीती वाटते गं." लेक कधी भीती वाटते म्हणणारी नव्हती. लहानपणी विंचू निघाला तरी चप्पल घेऊन पुढे व्हायची. मावशीच्या तोंडातून निघालं ते मात्र, "बघते."

बघते म्हणजे काय, हे लेकीला माहीत होतं. ती म्हणाली, "ठीक आहे, नसेल जमत तर राहू दे," आणि ते 'ठीक आहे' मावशीच्या कानांतून जाईना.

टेकडीवरच्या घराचं भागण्यासारखं होतं. मालकीणबाई दुसरी बाई बघणार होत्या. पण खाली? तिने नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ चूल पुसत बसला. मग म्हणाला, "महिनाभर बंद ठेवू."

"ऐन सुट्टीच्या दिवसांत? लोक विचारतील ना, का बंद. आणि नेहमीची माणसं पुलाजवळ गेली की परत येतात का?"

"मग काय करू?"

"माप ठरवा."

आचाऱ्याने कांदा उचलला. मावशीने किल्ल्या सावरल्या आणि निघाली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ती टेकडी.

त्याच आठवड्यात वर मालकीणबाईंचे मामा येऊन उतरले. एकटेच, निवृत्त, सडपातळ, हातात काठी आणि चेहऱ्यावर नापसंती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी उशी जाड आहे असं सांगितलं. बदलून दिली तर ती पातळ निघाली. पाणी कोमट होतं, खिडकी करकरत होती, आणि समोरचं झाड नको तिथे होतं. मावशीने मनातल्या मनात त्यांचं नाव तक्रारमामा ठेवलं, आणि पहिल्या रात्रीच ठरवलं की या माणसाच्या जिभेला आपल्या नवऱ्याचा रस्सा लागू द्यायचा नाही. इतर पाहुणे काहीही खाल्लं तरी मस्त म्हणतात. सुट्टीला आलेल्या माणसाला सगळं मस्तच म्हणायचं असतं, नाहीतर सुट्टी फुकट गेली असं होतं. हा माणूस मात्र जे असेल ते तोंडावर सांगेल आणि वर भाचीला फोनही करेल.

म्हणून मामांच्या सहली सुरू झाल्या. रश्श्याची चव जमलेली असो नसो, मावशी त्यांना लांबच धाडायची. तलावावर पाठवलं. परत आले ते म्हणाले, "पाणी गार आहे."

"तलावच तो, मामा."

"आणि होडी डुगडुगते."

मनोऱ्यावर पाठवलं. "पायऱ्या फार. आणि वर जाऊन दिसतं काय, तर खालचंच सगळं." धबधब्यावर पाठवलं. "फोटोत मोठा वाटतो." मधाच्या बागेत पाठवलं तर म्हणाले मध गोड आहे, पण त्या म्हाताऱ्याने गप्पांत अर्धा दिवस खाल्ला. पुलाजवळच्या हॉटेलातला पाव खालून करपलेला होता, हे त्यांनी पाव उलटा करून दाखवल्यासारखा हात उलटा करून सांगितलं. मावशी हो हो करत त्यांच्या चिखलाच्या बुटांखाली कागद घालायची. खरं सांगायचं तर मामांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. पाव करपलेलाच असायचा. इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

सुट्टीचे दिवस, तीन खोल्यांत तीन बिऱ्हाडं, चादरींचे ढीग. गार पाण्यात हात घालून घालून मावशीला सर्दी झाली. आधी नुसतं शिंकणं, मग डोकं जड, आणि एका सकाळी उठली तर नाक चोंदून दगड झालेलं. चहा तोंडात घेतला तर नुसतं गरम काहीतरी. साखर घातली होती की नाही ते कळेना. बोटाला मीठ लावून जिभेवर ठेवलं. काही नाही.

तेव्हा तिने नवऱ्याला जाऊन सांगायला हवं होतं. शहाणपण तेच होतं. पण सांगितलं की तो हातातलं सोडून बाकड्यावर बसणार, खानावळ आज बंद म्हणणार, मग दारात लोक, मग कारणं, मग त्याला समजावणं. तिच्यात एक जास्तीचं वाक्य बोलायचंही त्राण नव्हतं. ती नेहमीसारखी मागच्या दाराने गेली. आचारी बाहेर हौदापाशी पाठमोरा बसून मासे साफ करत होता. रस्सा उकळत होता. तिने सवयीने पळीतला रस्सा तळहातावर घेतला, चाटला, काहीच लागलं नाही. रोज एक मूठ कमी असतं, आजही असणार, असा हिशेब तिने केला. एक मूठ घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघाली.

वर मामा ओसरीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "आज कुठे जाणार नाही," ते म्हणाले. "तुझ्या त्या मनोऱ्याने गुडघा कामातून गेला. खाली खानावळ आहे म्हणे. तिथेच जेवतो."

"पवनचक्कीपर्यंत गाडी जाते, मामा. बसून जाता येईल."

"पवनचक्की फिरते का?"

मावशीला खोटं बोलता आलं नाही. "नाही, बंद आहे."

"मग बंद चक्की बघायला गाडी कशाला?" असं म्हणून मामांनी काठी घेतली. मावशीने मनाची समजूत घातली की मूठ घातली आहे, काळजी नाही. तरी जिवाला थारा नव्हता, म्हणून धुण्याचा ढीग तसाच टाकून ती दुपारी खाली गेली.

मागच्या दाराशी पोचली तर आतून आचाऱ्याचं गुणगुणणं ऐकू आलं. ती थबकली. ताप आल्यापासून तो गुणगुणला नव्हता. स्वच्छ धुतलेला सदरा घालून तो ताटं वाढत होता, आणि भात घातल्यावर डाव ताटावर आपटायची त्याची जुनी लकब परत आलेली होती. आज याला झालंय काय, असं तिला वाटतंय तोवर बाहेरून मामांचा आवाज आला.

"अहो आचारी! रस्सा वाढलात की समुद्र?"

खानावळीत बाकीही माणसं होती. एक नवीन जोडपं होतं, रस्त्याचं काम करणारे चौघे होते. सगळे मुकाट्याने पाणी पीत होते. आचारी बाहेर गेला. जोडप्यातली मुलगी घाईघाईने म्हणाली, "नाही हो काका, मस्त झालंय," आणि तिने तांब्याकडे हात केला. रस्त्याच्या कामावरचा एक जण खाली मान घालून रश्श्यात भातावर भात कालवत होता. मामा म्हणाले, "मस्त कुठे? तोंडात धरवत नाही. चाखून बघत नाही का तुम्ही?"

आचाऱ्याने प्रत्येकाच्या पुढची वाटी स्वतःच्या हाताने उचलली, तळलेला मासा वाढला, पाव वाढले, आणि आत आला. बायको दारात उभी आहे हे त्याने पाहिलं. तो चुलीसमोर जमिनीवरच बसला. शेजारी फळीवर एक छोटी पितळी वाटी होती, लेकीला लहानपणी दूध पाजायची. ती त्याने हातात घेतली.

"माप केलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू रोज येऊन किती घालतेस ते बघत होतो मागून. मग माझं आणि तुझं मिळून या वाटीत भरून बघितलं. पंधरवडा झाला हेच चाललंय. आज घातलं पूर्ण माप. तुला सांगितलं नाही. मुद्दाम मासे घेऊन बाहेर बसलो. म्हटलं, तू चाखशील आणि काही न घालता जाशील. आणि गेलीस तशी. काही बोलली नाहीस. मला वाटलं, जमलं." त्याने वाटी उलटी केली, सुलटी केली. "संध्याकाळी म्हणणार होतो, की जा लेकीकडे. पण ऐकलंस ना. नाही जमत मला. तिला कळव, आईला यायला होणार नाही."

मावशी भिंतीला टेकली. आता गप्प राहिलं तर सगळं पहिल्यासारखं चालू राहणार होतं. तो आयुष्यात पुन्हा वाटीला हात लावणार नव्हता, आणि लेक तिकडे एकटी. बोललं तर आजची फजिती तिच्या पदरात पडणार होती. क्षणभर तिला गप्प राहावंसंही वाटलं, कारण या माणसाला आपल्यावाचून एक पातेलं उतरवता येत नाही, हे तिला जितकं जाचत होतं तितकंच आतून कुठेतरी बरंही वाटत होतं. हे तिचं तिलाच त्या घटकेला कळलं आणि तिला स्वतःचा राग आला.

"मी घातलं मीठ," ती म्हणाली.

"कधी?"

"सकाळी. तुम्ही बाहेर होतात तेव्हा. रोजच्यासारखी एक मूठ."

"अगं, पण चाखलंस ना? बरोबर असून घातलंस?"

"चव कुठे लागतेय मला! सर्दीने नाक बंद आहे. सकाळपासून माती खाल्ली तरी कळणार नाही."

आचारी उठून उभाच राहिला. "मग सांगायचं नाही? लोकांसमोर माझी अब्रू गेली!"

"दोन वर्षं तुमचं कुणाला सांगितलं नाही, तर माझं एका दिवसाचं काय सांगू?" आवाज चढला तो तिचा तिलाच परका वाटला. बाहेर ऐकू जाईल याची तिने पर्वा केली नाही. "तुमची अब्रू झाकायला मी रोज ही टेकडी उतरते आणि चढते. पाय बघा माझे. पोर भीती वाटते म्हणाली आणि मी तिला बघते म्हणाले. पोटच्या पोरीला! मी थकले आहे हो. मला आता होत नाही."

आणि ती रडायला लागली. सर्दीत रडणं म्हणजे श्वासही घेता येत नाही, तशी तोंड उघडं टाकून रडली. आचारी वाटी हातात घेऊन नुसता उभा होता. मग त्याने तिच्यासमोर पाट सरकवला, गरम पाण्याचा पेला दिला आणि हळूच विचारलं, "म्हणजे माप बरोबर होतं?"

याला काय म्हणावं! मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर पळाला असता. पण त्याच्या तोंडावर पोराला शाळेत पहिला नंबर सांगितल्यासारखं काहीतरी आलं होतं, आणि ती नाक पुसत म्हणाली, "मला काय माहीत? उद्या करून बघा."

दुसऱ्या दिवशी त्याने मापाने रस्सा केला. पातेलं उतरवलं. मावशी समोर उभी. दोघांनी पातेल्यात पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. तिचं नाक अजून बंदच होतं. रंग झकास होता, तवंग झकास होता, आणि सांगणारं कुणी नव्हतं. शेजारच्यांना विचारावं तर संध्याकाळपर्यंत गावभर. पाहुण्यांना विचारावं तर मस्त.

"खरं बोलणारा एकच आहे इकडे," मावशी म्हणाली. "पण तो आज खाली पाऊल टाकायचा नाही."

आचाऱ्याने दोन ताटं वाढली, एकावर एक झाकली, फडक्यात बांधली आणि पुढच्या दाराने रस्त्यावर आला. मावशी मागून निघाली. टेकडीच्या अर्ध्यावर तो थांबला, कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागला. वर बघितलं, खाली बघितलं. "रोज इतकं?" तो म्हणाला. तिने मान हलवली. तो पुढचं सगळं गुपचूप चढला.

मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते. आचाऱ्याला बघून त्यांनी भुवया चढवल्या. आचाऱ्याने त्यांच्यासमोर तिपाईवर एक ताट ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. बोलायच्या आधी त्याने दोनदा घसा खाकरला.

"मामा, मला चव लागत नाही. तापात गेली, दोन वर्षं झाली. आजवर ही चाखून सांगायची, तिला सर्दी झालीय. काल ती चूक झाली. आज मापाने केलंय. तुम्ही खाऊन जे असेल ते सांगा. गोड नका बोलू."

"गोड मी बोलत नाही," मामा म्हणाले.

त्यांनी पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. मग भात कालवला. एक घास, दोन घास. मावशीला वाटलं, हा माणूस आता पातेलंभर खाऊनच तोंड उघडणार. आचाऱ्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, चढाचे की कशाचे कोण जाणे.

"भात गिजगिजीत झालाय," मामा म्हणाले. "पाणी जास्त. आणि मासा कुठाय? काल मासा होता."

"आणि रस्सा?"

"रश्श्याला काय झालंय?" मामा वैतागून म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

आचाऱ्याने डोळे मिटले आणि उघडले. मग दुसरं ताट उचलून त्याने ओसरीतल्या दुसऱ्या खुर्चीपुढे ठेवलं, पाहुण्यांच्या खुर्चीपुढे, जिची गादी मावशी रोज झटकायची आणि जिच्यावर ती कधी बसली नव्हती. "तू जेव," तो म्हणाला. "खाली माझं मी बघतो. आणि पोरीला फोन कर. उद्याची गाडी धर." तिचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही. उतारावर त्याची पावलं झपझप वाजत गेली.

मावशी बसली. गादी मऊ होती. मामा मान वर न करता म्हणाले, "उद्या मला कुठे पाठवणार आहेस?"

"उद्याचं मला विचारू नका मामा. मी लेकीकडे चाललेय."

"मग मी जेवायचं कुठे?"

"खालीच जेवा," ती म्हणाली, "आणि काय खटकेल ते त्यांना सांगत जा."

आनंद व्हायला हवा होता, पण तो आलाच नाही. आनंद व्हायलाही अंगात थोडी शक्ती लागते. तिने पाव मोडला आणि रश्श्यात बुडवून तोंडात घातला. चव काही लागली नाही. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. कुणी तिच्या तोंडाकडे बघत थांबलेलं नव्हतं. कसं झालंय, हे आज तिला कुणालाही सांगायचं नव्हतं. ताट रिकामं होईपर्यंत ती जेवली.